केरीसाहेबांची बाग

खारबांध फुटला म्हणजे काय होते, हे धरमतरच्या खाडीकाठी राहणाऱ्यांस सांगावयास नको. असाच प्रसंग ज्यांच्या बागेवर गुदरला, त्या डॉ. विल्यम केरी यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

केरी यांचा जन्म १७६१ साली इंग्लंडातील एका खेड्यात झाला. प्रथम ते जोडे शिवून पोट भरीत. १७९३ साली ते बंगाल्यात आले व १८०० पासून कलकत्त्यानजीकच्या श्रीरामपुरास (नगरकडील नव्हे) राहिले. १८०५ साली त्यांनी मराठीचे व्याकरण व १८१० साली मोडी अक्षरांत कोश छापिला, हे पुष्कळांस ठाऊक असेल. बागेची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही.

ही बाग सुमारे पाच एकरांची होती. लिलीच्या जातींचा त्यांस विशेष लोभ. यांतील कित्येक फुले दिवसा-दोन दिवसांत मावळतात. परंतु जमिनीत कंद शाबूत असला म्हणजे झाड पुन्हा वर येते. नागदवण्याच्या जातीतील एका लिलीस पुढे केरींचेच नाव मिळाले. आपल्या डोंगरांतील कुंभ्याच्या शास्त्रीय नावातही त्यांचे नाव आहे. ते रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. विलायतेहून आलेल्या बियांच्या पिशवीतील उरलीसुरली माती त्यांनी एका कोपऱ्यात झटकली, तर तीतून मायदेशाचे डेझीचे रोप उगवले! ते पाहून त्यांस किती आनंद झाला असेल! उन्हाळ्यात ते तगेना, म्हणून ते दरवर्षी नवे बी पेरीत.

१८२० साली त्यांनी कृषि व उद्यानविद्येची संस्था काढिली. ती अलीपूरास अद्यापि आहे.

१८२३ साली दामोदर नदीचे बांध फुटून बाग पुरात बुडाली. पाणी ओसरल्यावर जिकडे तिकडे रेतीच रेती! त्या वेळी केरीसाहेब पडून जबर दुखापत झाल्यामुळे अंथरुणास खिळले होते. वय बासष्ट. तरीही कुबड्यांवर चालू लागताच त्यांनी पुन्हा लागवड आरंभिली.

९ जून १८३४ रोजी ते वारले. अखेरच्या आजारात त्यांस एक घोर लागून राहिला होता: आपल्यामागे बागेत गुरे शिरतील.