सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आणि मुसी नदीचा पूर

नदीला पूर येतो तेव्हा लोकांचे लक्ष साहजिकच बुडालेल्या गावाकडे जाते. परंतु गावात शिरलेले पाणी गावात जन्मास येत नाही. ते दूरच्या माळांवरून, ओढ्यांतून आणि फुटलेल्या तलावांतून गोळा होऊन आलेले असते. हे सत्य ध्यानी घेऊन ज्यांनी एका मोठ्या नगराच्या रक्षणाची योजना आखली, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावे असे आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी ह्या खेड्यात झाला. पितृछत्र बालपणीच हरपल्यामुळे बंगळूर येथे शिकवण्या करून त्यांनी आपले शिक्षण चालविले. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळून ते पुण्यास आले आणि १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. दुसऱ्याच वर्षी ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खानदेशात पांझरा नदीच्या पाण्याशी झगडत त्यांनी आपले पहिले धडे घेतले. आपल्या भागातील धारवाड आणि विजापूर येथील पाणीपुरवठ्याच्या कामांतही त्यांनी लक्ष घातले होते. १९०३ साली पुण्याजवळील खडकवासला धरणाच्या सांडव्यावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसविले. पाणी ठरावीक पातळीवर चढले की ते आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. त्यामुळे धरणाची भिंत न वाढविता अधिक पाणी साठविता आले.

१९०८ साली त्यांनी ह्या नोकरीतून स्वेच्छेने निवृत्ती पत्करली व ते परदेशच्या प्रवासास निघाले. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी हैदराबादेवर घोर संकट कोसळले. मुसी नदीने काठ सोडला, पूल आणि वाडे वाहून नेले व हजारो माणसांना जलसमाधी दिली. मृतांची संख्या सुमारे १५,००० मानली जाते. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले आणि १९०९ साली त्यांनी कामास आरंभ केला.

नगराभोवती उंच भिंत बांधावी असे कोणासही सहज सुचले असते. विश्वेश्वरय्यांनी मात्र आधी नगराच्या वरच्या बाजूचे सर्व पाणलोट क्षेत्र अभ्यासिले. पाऊस कोठे व किती पडला, पाणी कोणत्या वेगाने आले, पुराची खूण कोठवर पोहोचली, ह्याचे त्यांनी गणित मांडले. त्या क्षेत्रात ७८८ तलाव होते, म्हणजे दर चौरस मैलास जवळजवळ एक. त्यांपैकी २२१ तलाव फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचा लोंढा खालच्या तलावावर आदळे, आणि तोही फुटे. म्हणजे जे तलाव पाणी अडविण्यासाठी बांधले गेले, त्यांनीच अखेर पुराचे बळ वाढविले!

येथेच जागेच्या निवडीचे महत्त्व दिसून येते. धरण फार वर बांधले तर त्याच्या खाली पडलेला पाऊस मोकळाच राहतो. ते नगराला अगदी खेटून बांधले तर साठ्यास पुरेशी जागा मिळत नाही. शिवाय मुसीला ईसी ही नदी नगराच्या पश्चिमेस जवळच येऊन मिळते. एकीलाच अडविले असते, तर दुसरीचे भय उरले असते. म्हणून विश्वेश्वरय्यांनी संगमाच्या वर, नगरापासून काही मैलांवर, दोन्ही नद्यांवर एकेक मोठा जलाशय सुचविला. पूर तेथे काही काळ थोपवावा आणि नगरातील पात्रास पेलेल इतकेच पाणी खाली सोडावे, अशी ती योजना होती. पात्राचे काठ बांधून तेथे उद्याने करावीत, हेही त्यांनी सांगितले. त्यानुसार मुसीवरील उस्मानसागर १९२० साली आणि ईसीवरील हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. ह्याच जलाशयांनी पुढे नगराची तहानही भागविली.

विश्वेश्वरय्या त्यानंतर म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि १९१२ ते १९१८ ह्या काळात दिवाण झाले. १९५५ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. १९६२ च्या एप्रिल महिन्यात त्यांनी देह ठेवला. त्यांचा जन्मदिन आज अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

धरण झाले म्हणजे दक्षता संपली असे मात्र नव्हे. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत अतिवृष्टी झाली, तेव्हा तलावांच्या आणि नाल्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या वस्त्यांत पाणी शिरले. पाण्याची जागा माणसाने घेतली, तरी पाणी ती विसरत नाही.

आपल्या हुबळीच्या पूर्वेकडून वाहणारा बेण्णीहळ्ळ उन्हाळ्यात क्षुद्र दिसतो. पण अतिवृष्टी होताच नवलगुंदाकडील काळ्या रानात पसरून उभी पिके बुडवितो. कोप्पीकर रोडवर पावसाचे पाणी साचले की आपण कुरकुर करीत वाट काढतो. हे पाणी कोठून आले व त्यास जावयास वाट कोठे उरली आहे, हा प्रश्न त्या वेळी आपल्या मनात उभा राहिला पाहिजे. विश्वेश्वरय्यांचे काम ह्याच प्रश्नापासून सुरू झाले होते.