राजेंद्रलाल मित्र आणि काष्ठछताचा वाद

कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला सागवानी फासळ्या बसविलेल्या आहेत. छत अखंड खडकात कोरलेले असल्यामुळे त्याला त्यांच्या आधाराची गरज नाही. भाजे येथे तर खांबही आत कललेले आहेत. लाकडी छताचा बाहेर पडणारा रेटा पेलण्याची सुतारांची रीत तेथे दगडात उतरली. या निरुपयोगी लाकडांच्या अर्थावरून एकोणिसाव्या शतकात जो वाद झाला, त्यात भारतीय बाजू मांडणारे विद्वान कलकत्त्याचे होते.

राजेंद्रलाल मित्र यांचा जन्म त्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कलकत्त्याच्या पूर्व भागात झाला. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सुटल्यावर १८४६ मध्ये ते एशियाटिक सोसायटीत ग्रंथपाल व सहायक चिटणीस झाले आणि तेथील ग्रंथसंग्रहानेच त्यांना घडविले. १८५७ मध्ये निळीच्या गोऱ्या मळेवाल्यांवर जाहीर टीका केल्यामुळे बंगालच्या फोटोग्राफिक सोसायटीतून त्यांना काढण्यात आले. तथापि वास्तूची प्रत्यक्ष नोंद करण्याचा त्यांचा आग्रह कमी झाला नाही. १८६८-६९ मध्ये चित्रकार व साचे घेणारे कारागीर बरोबर नेऊन त्यांनी ओडिशातील मंदिरांचा अभ्यास केला. त्यावरील ग्रंथाचे दोन खंड १८७५ व १८८० मध्ये निघाले.

तरुणपणी कलकत्त्यात निळीचा व्यापार केलेले वास्तु-इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी चैत्यगृहांतील लाकूडकामावरून असे अनुमान काढले होते की, अशोकापूर्वी भारतात दगडी वास्तुकला नव्हती व तिची प्रेरणा ग्रीकांकडून आली. मित्रांनी संस्कृत वाङ्मयाच्या आधारे ते अमान्य केले. १८८४ मध्ये फर्ग्युसन यांनी एक स्वतंत्र पुस्तक लिहून मित्रांवर हल्ला चढविला. भारतीय न्यायाधीशांसमोर युरोपीयांचे खटले चालावेत की नाहीत, या इल्बर्ट विधेयकाच्या वादाशीही त्यांनी तो जोडला. प्रश्न आता छताचा उरला नव्हता. भारतीय माणसाला निर्णयबुद्धी आहे की नाही, हा होता. पुढच्याच वर्षी मित्र एशियाटिक सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. २६ जुलै १८९१ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढील उत्खननांनी दोघांनाही काही दिले, दोघांचेही काही हिरावले. पाटलिपुत्राची लाकडी तटबंदी जमिनीतून वर आली. मोठे बांधकाम लाकडाचे असे, हे फर्ग्युसन यांचे निरीक्षण खरे ठरले. परंतु १९२१-२२ पासून उजेडात आलेल्या सिंधू संस्कृतीच्या विटांच्या नगरांनी इमारतकलेचे प्राचीनत्व कितीतरी मागे नेले. शिवाय ग्रीक देवळांच्या दगडी रचनेतही सुतारकामाच्या खुणा आहेतच. लाकडाचे अनुकरण हा परावलंबनाचा पुरावा नव्हे, हे मित्रांच्या भूमिकेतील मर्म टिकले. कार्ल्याच्या फासळ्यांकडे पाहताना ते ध्यानी घ्यावे लागते: दगड हाती आल्यावरही त्या कारागिरांनी आपल्या सुतारांची स्मृती टाकून दिली नाही.