अल-बिरुनी : आपल्या पुस्तकांचा चोख हिशेब ठेवणारा आलिम

संशोधक किती मोठा, हे आज आकड्यांवर ठरतं. किती शोधनिबंध छापून आले, इतरांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला, हे मोजलं जातं. नोकरी, बढती, अनुदान सगळं त्यावरच. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी एका आलिमाने असा हिशेब स्वतःच लिहून ठेवला होता. त्यांचं नाव अबू रैहान अल-बिरुनी.

त्यांचा जन्म ९७३ मध्ये ख्वारिझममधील काथ इथे झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात येतो. अबू नस्र मन्सूर हे त्यांचे उस्ताद. सत्तेच्या लढाईत तरुणपणीच वतन सोडावं लागलं, पण अभ्यास सुटला नाही. इ. स. १००० च्या सुमारास त्यांनी वेगवेगळ्या कौमांच्या कालगणनेवर ‘अल-आसार अल-बाकिया’ हा ग्रंथ लिहिला. १०१७ मध्ये महमूद गझनवीने ख्वारिझम जिंकलं आणि बिरुनींना गझनीला नेण्यात आलं.

तिथून त्यांचा हिंदुस्थानशी संबंध आला. ते संस्कृत शिकले, पतंजलींचा योगावरचा ग्रंथ त्यांनी अरबीत आणला. आज पाकिस्तानात असलेल्या नंदना किल्ल्याजवळ डोंगराची उंची आणि क्षितिजाचा कोन मोजून त्यांनी पृथ्वीचा आकार काढला. १०३० च्या सुमारास ‘किताब अल-हिंद’ पूर्ण झाली. त्यात मराठा देशाचं नाव आहे आणि कोकणची राजधानी म्हणून ठाण्याचाही उल्लेख आहे, तोही अंतरासकट!

आता त्या हिशेबाकडे येऊ. हिजरी ४२७, म्हणजे इ. स. १०३५-३६. वय चांद्र वर्षांनी ६५. कोणीतरी त्यांना मशहूर हकीम राझींच्या पुस्तकांबद्दल विचारलं. राझींचे धार्मिक विचार बिरुनींना मुळीच मान्य नव्हते. तरीही त्यांनी राझींच्या १८४ पुस्तकांची यादी काळजीपूर्वक तयार केली आणि तिला आपल्या ११३ पुस्तकांची यादी जोडली. तिच्यात काही पुस्तकं अपुरी आहेत हेही सांगितलं. शिवाय अबू नस्र, अबू सहल मसीही आणि आणखी एका विद्वानाने त्यांच्या नावे लिहिलेली २५ पुस्तकं वेगळी दाखवली. दुसऱ्याची मेहनत आपल्या खात्यात घातली नाही. आजच्या संशोधकांनी हे जरूर पाहावं.

त्यानंतरही लेखणी थांबली नाही. रत्नं आणि धातूंवर ‘अल-जमाहिर’, औषधांवर ‘किताब अस-सैदना’ ही पुस्तकं आली. अभ्यासकांच्या मते त्यांची एकूण पुस्तकं १४६ भरतात, त्यातली ९५ खगोल, गणित आणि त्यांच्याशी जोडलेल्या विषयांवर आहेत. पण आज शिल्लक आहेत जेमतेम २२.

आणि संदर्भ? बाराव्या शतकात अल-खाझिनीने तराजूवरच्या आपल्या ग्रंथात बिरुनींची मोजमापं नावानिशी वापरली. तेराव्या शतकात याकूत अल-हमवीने मर्वच्या जामे मशिदीच्या वक्फमध्ये त्यांच्या पुस्तकांची यादी पाहिली. बारीक अक्षरात ती सुमारे ६० पानं भरली होती. युरोपात मात्र चित्र वेगळं होतं. राझी आणि इब्न सिना लॅटिनमध्ये गेले, तिथल्या विद्यापीठांत शिकवले गेले. बिरुनींचे मोठे ग्रंथ त्या काळी लॅटिनमध्ये गेलेच नाहीत, म्हणून शेकडो वर्षं त्यांचं नाव तिथे जवळपास कोणी घेतलं नाही. एडवर्ड साखाउ यांनी १८७९ मध्ये ‘आसार’ आणि १८८८ मध्ये ‘हिंद’ इंग्रजीत आणल्यावर तिकडच्या वाचकांना हा माणूस खऱ्या अर्थाने कळला. त्या मधल्या काळात बिरुनींचं इल्म कमी झालं नव्हतं. फक्त ते पोहोचलं नव्हतं.

बिरुनींचा इंतकाल १०५० च्या सुमारास गझनीत झाला. याकूतने नोंदवलेली हकीकत अशी : शेवटच्या आजारात एक फकीह भेटायला आले, तेव्हा बिरुनींनी त्यांना वारसा हक्काच्या हिशेबातला एक मसला विचारला. अशा हालतीत कशाला, असं फकीहांना वाटलं. पण बिरुनींना तो न समजता जाण्यापेक्षा समजून जाणं बरं वाटत होतं. फकीहांनी मसला समजावला आणि ते निघाले. रस्त्यातच त्यांना घरातून रडण्याचा आवाज ऐकू आला.

तो मसला कुठल्या पुस्तकात जाणार नव्हता, की कुठल्या यादीत मोजला जाणार नव्हता. आपल्या मुलांना मार्कांच्या आणि टक्क्यांच्या शर्यतीत धाडताना बिरुनींची ही शेवटची शिकवणीही त्यांना सांगायला हवी.