पाकिटातला आकडा

आमच्या लहानपणी घरात पगाराचा आकडा मोठ्याने उच्चारायची पद्धत नव्हती. एक तारखेला वडील पाकीट आईच्या हाती देत, आई ते देवापुढे ठेवी. आत किती, हे विचारायची आम्हा मुलांची प्राज्ञा नव्हती. म्हणूनच दादाभाई नौरोजींचं चरित्र वाचताना मला नवल वाटलं. या सभ्य, मृदू माणसाने कितीतरी वर्षं दुसऱ्यांचे पगार मोजले, आणि तेही चारचौघांत!

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी मुंबईत, एका गरीब पारशी घरात झाला. चौथ्या वर्षी वडील गेले. आई माणेकबाईंनी त्यांना वाढवलं. शिक्षण फुकट मिळालं. आपण लोकांच्या पैशावर शिकलो, ते ऋण फेडायचं, ही जाणीव त्यांनी जन्मभर जपली. एल्फिन्स्टनमध्ये ते गणिताचे प्राध्यापक झाले आणि १८५५ साली व्यापारासाठी लंडनला गेले.

तिथे हे गणित कामी आलं. दादाभाईंनी सरकारचीच छापील कागदपत्रं चाळून हिशेब मांडला: हिंदी माणसाचं सरासरी उत्पन्न वर्षाला २० रुपये. व्हाइसरॉयचा पगार मात्र अडीच लाखांच्या घरात. मी सहज भागाकार केला, तर एका साहेबामागे साडेबारा हजार माणसांचं वर्षभराचं उत्पन्न! शिवाय गोऱ्या अधिकाऱ्यांची शिल्लक आणि पेन्शन विलायतेत जाई, ती इथे परत येत नसे.

१८९२ साली वर्षाला हजार रुपये व त्याहून अधिक पगारांचा तक्ता पार्लमेंटपुढे आला. त्याच वर्षी दादाभाई अवघ्या पाच मतांनी खासदार झाले. पुढे १८९५च्या वेल्बी आयोगावर ते सदस्य होते. तिथेही त्यांनी हेच आकडे पुढे केले. मौज अशी, की पगारांवर बोलणाऱ्या या खासदाराला स्वतःला पगार नव्हता. ब्रिटिश खासदारांना वेतन सुरू झालं ते १९११ साली.

३० जून १९१७ रोजी दादाभाई गेले. त्यांच्या मोजणीत हेवा नव्हता, कुणाचं उणंदुणं काढणं नव्हतं. माझ्या वडिलांचं पाकीट त्यांच्या घामाचं होतं. ते झाकलेलं राहिलं तरी कुणाचं बिघडत नव्हतं. साहेबाचं पाकीट मात्र रयतेच्या शेतसाऱ्यातून आणि मिठावरच्या करातून भरत होतं. जो भरतो, त्याने आकडा विचारायचा, एवढंच त्या गणिताच्या मास्तरांनी आपल्याला शिकवलं.