डॉ. सलीम अली : आवाज टिपणारा कान

आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस. त्या आठवड्यात मुलांना मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करायला सांगणार असाल, तर त्यांच्या आयुष्यातली ही बाजू जरूर सांगा.

जन्म १८९६, मुंबई. आई-वडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी सांभाळलं. पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, म्हणून ती इथे सांगत नाही. खरा माणूस पुढे दिसतो. जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून परतले, तर संग्रहालयातली नोकरी उरली नव्हती. पत्नी तहमीनासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. १९३० साली तिथे तासन्‌तास बसून त्यांनी पाहिलं, की नर घरटं अर्धवट विणतो, मादी ते पारखते, आणि तिचा संसार थाटला की नर दुसरं विणायला घेतो. हे दुर्बिणीपेक्षा जवळ जाऊन बसण्यामुळे कळलं.

१९३९ मध्ये तहमीना गेल्या. मग ते वांद्र्याला, पाली हिलवर बहीण कमू आणि मेहुण्यांकडे राहू लागले. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. रानात सहज नेता येईल असं ध्वनिमुद्रण यंत्र तेव्हा कुठलं? पक्ष्याची हाक ते अक्षरांत उतरवत. पुढे रिप्ले यांच्यासोबत केलेल्या दहा खंडांतही आवाजाची नोंद आहेच.

आपल्या हातात यंत्र आहे, पण दूरच्या दयाळाची शीळ ऐकायला जावं तर मागे सूंऽऽ! ती सूंसूं बरेचदा वाऱ्याची नसते. माईकची आणि आवाज वाढवणाऱ्या सर्किटची स्वतःचीच असते. पक्षी लांब, म्हणून आपण आवाज वाढवतो, त्याबरोबर तीही वाढते. मोकळ्या जागी अंतर निम्मं केलं, तर पक्ष्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, सूंसूं तेवढीच राहते. ॲपने नंतर साफ करता येतं, नाही असं नाही. पण शिंजीराचा बारीक आवाज त्याच उंच पट्टीत असतो, जास्त घासलं की तोही पुसला जातो. हलक्या वाऱ्यासाठी माईकवर फोमची टोपी पुरते. आजीच्या ओव्या रेकॉर्ड करतानाही फोन टेबलाच्या पलीकडे नको, तोंडापासून वीतभर, जरा बाजूला ठेवा.

जवळ जायचं म्हणजे घरट्यापाशी मात्र नाही हं. पिल्लं असतील तर लांबच थांबायचं. पक्षी रोज येऊन बसतो ती फांदी आधी हेरायची आणि तिच्याजवळ गप्प बसायचं.

सलीम अली १९८७ मध्ये गेले. वांद्र्यात दयाळ अजून गातो, पण रिक्षा सुरू व्हायच्या आधी उठावं लागतं. मुलांनी वहीत आधी हाक अक्षरांत लिहावी, वेळ आणि जागा टाकावी, मग रेकॉर्डचं बटण दाबावं.