वेदनेचे मोल जाणणारे डॉ. पॉल ब्रँड

कुष्ठरोगात हातापायांची बोटे आपोआप झडतात, ही समजूत एके काळी केवळ खेड्यापाड्यांत नव्हती. अनेक डॉक्टरही तसेच मानत. ती खोटी ठरविणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी आजच्या तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात, एका मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. शिक्षणासाठी ते लहानपणीच इंग्लंडला गेले. तेथे वैद्यकाकडे वळण्यापूर्वी त्यांनी काही वर्षे सुतारकाम व बांधकाम शिकून घेतले. अवजार हाताला कोठे टोचते, भार कोठे पडतो, याची त्यांना आलेली जाण तेथली असावी.

१९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यविशारद म्हणून रुजू झाले. चेंगलपट्टूच्या कुष्ठालयात गेले असता त्यांना दिसले, की वाकड्या, बधिर हातांतही विलक्षण पकड शिल्लक आहे. मग त्यांनी सशक्त स्नायूंचे स्नायुबंध पांगळ्या बोटांना जोडण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. हात उघडू लागले. पण काहींची तक्रार अशी, की सरळ हाताला कोणी भीक घालत नाही! म्हणून 'नवजीव निलयम' ही वस्ती उभी राहिली. तेथे रुग्ण सुतारकाम शिकू लागले.

एकदा गंजलेले कुलूप ब्रँड यांना उघडेना. एका कुष्ठरुग्ण मुलाने ते सहज उघडले, पण त्याच्या बोटातून रक्त गळू लागले. किल्ली मांसात रुतली होती आणि त्याला पत्ताही नव्हता. मग प्रत्येक जखमेचा माग काढणे सुरू झाले. कोणाला तापल्या भांड्याचा चटका, कोणाला वहाणेचा खिळा. रात्रीत बोटाचा तुकडा नाहीसा होई, ते कोडे पहारा ठेवल्यावर सुटले: झोपेत उंदीर कुरतडत होते. तेव्हापासून घरी परतणाऱ्या रुग्णांसोबत मांजर देण्याची प्रथा पडली.

औषधाने जंतू मरतात, मेलेली संवेदना मात्र बहुधा परत येत नाही. तेव्हा राखण रुग्णानेच करायची. रोज हातपाय डोळ्यांनी तपासावेत, लाल झालेल्या वा गरम लागणाऱ्या जागेला विश्रांती द्यावी, भांडे फडक्याने धरावे, अनवाणी चालू नये, हे शिक्षण शस्त्रक्रियेइतकेच मोलाचे ठरले. अर्थात, हातावर पोट असलेल्या शेतमजुराला पायाला विश्रांती दे म्हणणे सोपे. त्याला ते परवडणे कठीण. मऊ रबरी तळाच्या वहाणा आणि पाय स्थिर ठेवणारे प्लास्टर यांवर ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतलेली मेहनत या अडचणीच्या संदर्भात पाहावी लागते.

१९६६ मध्ये ते अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. बधिर हातांना धोक्याचा इशारा देणारे यांत्रिक हातमोजे त्यांनी करून पाहिले. प्रयोग फसला, कामात अडथळा नको म्हणून रुग्ण इशाराच बंद करून टाकत. मात्र मधुमेहात पाय बधिर झालेल्यांच्या जखमांचे कारणही हेच असल्याचे त्यांनी दाखवून दिले.

८ जुलै २००३ रोजी त्यांचे निधन झाले. मधुमेहींना रोज तळवे पाहण्यास आज डॉक्टर सांगतात. वेल्लोरचे कुष्ठरुग्ण तेच कित्येक दशकांपूर्वी करू लागले होते.