धनंजयराव गाडगीळ आणि मालकीचा प्रश्न

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीला हातोड्याचा नाद पेशवाईपासून परिचित आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभीही तो चालूच होता. परंतु त्यामागचा व्यवहार पालटला होता. परदेशी पत्रा तयार मिळू लागल्यापासून तांबटाचे काबाडकष्ट वाचले, भांड्यांचा खप वाढला आणि नेमक्या त्याच काळात तांबटाचे स्वामित्व मात्र आक्रसले. ऐरण आणि हातोडा त्याचा, पण पत्रा व्यापाऱ्याचा आणि बाजारही व्यापाऱ्याचाच, अशी स्थिती झाली. अंगी कसब असलेला मनुष्य मजुरीवर आला.

गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३०च्या दशकात दख्खनमधील शहरी कारागिरीचा अभ्यास केला आणि पुणे शहराच्या आर्थिक जीवनाची घरोघर फिरून पाहणी केली. या संस्थेचे संचालक होते धनंजय रामचंद्र गाडगीळ. केंद्राचे साहाय्य राज्यांना वाटून देण्याच्या सूत्राला त्यांचे नाव मिळाले आणि बहुतेकांना ते तेवढ्यापुरतेच ठाऊक आहेत. प्रसिद्धीचा हा प्रकार अन्यायाचा आहे. साधने कोणाच्या मालकीची असावीत, हा त्यांच्या आयुष्यातील खरा प्रश्न होता.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकचा. बालपण व शालेय शिक्षण नागपूरचे. केंब्रिजमध्ये त्यांनी भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवर जो प्रबंध लिहिला, तो १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वयाच्या तेविसाव्या वर्षी लिहिलेला हा ग्रंथ पुढे अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासला. मुंबई सरकारची अल्पकाळची नोकरी आणि सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद यांनंतर ते पुण्यास आले. साताऱ्याचे रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये गोखले संस्था स्थापन झाली आणि पुढील ३६ वर्षे तिचे संचालकपद धनंजयरावांकडेच राहिले.

ग्रंथातील जुना कारागीर आणि नगर जिल्ह्यातील ऊस बागायतदार यांच्यात वरवर पाहता साम्य नाही. एक पेठेतला, दुसरा कालव्याच्या पाण्यावरचा. तथापि दोघांची अडचण एकच होती. ऊस तोडल्यानंतर त्यातील साखर तासागणिक घटू लागते. तो दूरच्या बाजारात नेता येत नाही की चांगल्या भावाची वाट पाहत साठवून ठेवता येत नाही. जवळ एकच कारखाना असेल, तर भाव कारखाना ठरवणार हे उघड आहे. गूळ करावा, तर मंदीच्या काळात गुळाचे भाव कोसळलेले. प्रवरेच्या परिसरातील खासगी साखर कंपन्यांनी तर शेतकऱ्यांच्या जमिनीच खंडाने घेऊन मोठमोठे मळे उभे केले होते. जमिनीचा मालक आपल्याच शिवारात मजूर होण्याच्या बेतात होता.

बागायतदारांच्या १९४५ मधील परिषदेचे अध्यक्षपद धनंजयरावांकडे आले. बागायतदारांनी स्वतःच्या मालकीचा सहकारी कारखाना काढावा, असे त्यांनी तेथे सुचवले. पुस्तकी सूचना म्हणून ती हवेत विरून जायची. परंतु लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी ती मनावर घेतली आणि गावोगाव फिरून भाग जमवले. सहकारी चळवळीत मुरलेले वैकुंठभाई मेहता तेव्हा मुंबई सरकारात मंत्री होते, ही अनुकूल गोष्ट. सरकारने भागभांडवल दिले, औद्योगिक वित्त निगमाने कर्ज दिले आणि १९५०च्या अखेरीस प्रवरेचे पहिले गाळप सुरू झाले. अध्यक्ष होते धनंजयराव. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने बॉयलर, वॅगन आणि उधारीच्या चिंता वाहाव्यात, हे दृश्य आपल्याकडे विरळाच.

या मालकीची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. शेतकऱ्यांनी चालवलेला साखर कारखाना माळीनगरला त्याआधीच उभा होता. पण तो जॉइंट स्टॉक कंपनीच्या रूपात. प्रवरेत मत भागामागे नव्हे, तर माणसामागे एक. लाभांशाला मर्यादा, नफा वाटायचा तो उसाच्या भावातून, म्हणजे ज्याने जितका ऊस घातला त्याला तितका. उसाच्या बिलातून बिनपरतीची ठेव कापून घेण्याची रीत सहकारी कारखान्यांत रूढ झाली आणि रोख पुंजी नसलेला शेतकरी हंगामागून हंगाम भांडवलदार होत गेला. अमेरिकेत लुई केल्सो या वकिलाने मॉर्टिमर ॲडलर यांच्यासह १९५८ मध्ये पुस्तक लिहून असे मांडले की, कामगाराला कर्जाच्या आधारे भाग मिळावेत आणि ते कर्ज उद्योगाच्याच उत्पन्नातून फिटावे. ही कल्पना तिकडे अभिनव ठरली. लोणीची यंत्रसामग्री तोवर आठ हंगाम चालून झाली होती. फरक एवढाच की केल्सोचा भाग हा कमाईचा हक्क होता, प्रवरेचा भाग मुख्यतः वापराचा. तो बाजारात विकून श्रीमंत होता येत नव्हते.

ग्रामीण पतपुरवठ्याच्या अखिल भारतीय पाहणीचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहणी समितीत धनंजयराव होते. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३ टक्क्यांच्या आसपास निघाला. त्यावर उपाय म्हणून समितीने सहकारी संस्थांत सरकारने भागीदार व्हावे, असे सुचवले. दुबळ्या सभासदांपुढे दुसरा मार्ग नव्हता, हे खरे. परंतु सरकारी भागभांडवलाबरोबर सरकारी हमी आली, हमीबरोबर मंत्रालयाचे वजन आले आणि कारखान्याची निवडणूक हीच आमदारकीची पायरी झाली. १९६१ च्या सुमारास सहकारी समाजरचनेवर व्याख्याने देणाऱ्या या विचारवंताच्या मांडणीतील सर्वांत कच्चा दुवा हाच म्हणावा लागेल. दुसरा दोषही लपवण्यासारखा नाही. या मालकीत प्रवेशपत्र होते ते बागायती जमिनीचे. बीड जिल्ह्यातून बैलगाडी जुंपून येणारा ऊसतोड कामगार त्या कारखान्याच्या सभासद यादीत कधीच नव्हता.

पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपद भूषवून धनंजयराव १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तेथे १९६९ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी जिल्हा हे क्षेत्र धरून काम करावे, असे सुचवले आणि त्यातून अग्रणी बँक योजना निघाली. ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी पुढे जे पाहिले नाही, ते महाराष्ट्राने पाहिले. कर्जात बुडालेले अनेक सहकारी कारखाने या शतकात बँकांनी जप्त करून विकले आणि ते खासगी हातांत गेले. विक्रीची रक्कम प्रथम धनकोंची; भागधारकाचा क्रम शेवटचा. त्यामुळे वर्षानुवर्षे बिलातून कापल्या गेलेल्या ठेवींपैकी सभासदाच्या पदरात फारसे काही पडणे शक्यच नव्हते. गाळप पुन्हा सुरू झाले, ऊसही त्याच शिवारातून जाऊ लागला. वजनकाट्यापाशी गाडी उभी करणाऱ्या शेतकऱ्याला मात्र वार्षिक सभेची नोटीस येईनाशी झाली.